जेवायला गेलेला बाजार

तिला सगळे काचवाली म्हणत. ती काच विकत नव्हती की पुसत नव्हती. बाजाराच्या रस्त्यावर तयार कपड्यांचं सगळ्यांत मोठं दुकान होतं, त्याच्या दर्शनी काचेमागे काय मांडायचं आणि कसं, हे तेवीस वर्षं तिनं ठरवलं. बिनडोक्याच्या पुतळ्याला शर्ट चढवून पाठीमागून टाचण्या अशा मारायची की समोरून बघणाऱ्याला वाटावं, हा शर्ट माझ्यासाठीच शिवलाय. घरी नेऊन घातला की पोट पुढे आलंच, पण तोवर पैसे देऊन झालेले असत. बाहीत रद्दी कोंबायची, खिशात हात घातलाय असं दाखवायची. मांडून झालं की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहायची, एक डोळा बारीक करून बघायची, परत यायची, कॉलर बोटभर वर करायची. दर सोमवारी काचेतली मांडणी बदलायचीच. मालकानं एकदा विचारलं, "अगं, चांगली दिसतेय की, कशाला मोडतेस?" तर म्हणाली, "हललं नाही की लोक धरून चालतात, आत कुणी नाही."

शाळा तिची चौथीत सुटली होती. पण अक्षर ठसठशीत होतं, त्यामुळे दुकानातल्या सगळ्या पाट्या तीच लिहायची.

शेजारच्या काउंटरवर तिची नणंद. ही नवऱ्याची धाकटी बहीण, संसार मोडून एका पिशवीनिशी भावाच्या दारात आली तेव्हा काचवालीनंच मालकाकडे शब्द टाकला होता. घडी कशी घालायची, गिऱ्हाइकाला दोनपेक्षा जास्त रंग एकदम का दाखवायचे नाहीत, नुसतंच बघायला आलेली बाई कशी ओळखायची, हे सगळं तिनंच शिकवलं. नणंद वयानं पाच वर्षांनी लहान, पण काचवालीनं तिला कायम वन्सं म्हटलं आणि अहो-जाहो केलं. वन्सं मात्र वहिनीला अगं-तुगं करायच्या. दोघी एका डब्यात जेवायच्या. दुकानातले लोक म्हणायचे, नणंद-भावजय अशा असतात होय? मग आमच्याच घरात काय बिघडलंय?

मग गावाबाहेरची गिरणी बंद पडली. गिरणी बंद झाली म्हणजे पगार बंद झाला, आणि पगार बंद झाल्यावर लोक जुन्याच शर्टाची कॉलर उलटी करून शिवायला लागले. काचवालीचा नवरा गिरणीत पहारेकरी होता, तो गुडघा धरून घरी बसला. बाजारातली दुकानं एकेक करत मिटली. चाळीसपैकी सव्वीस. सगळ्यांत शेवटी मोठं दुकान. शटर ओढताना मालक म्हणाला, "हे मी बंद करत नाहीये, ओढून ठेवतोय. दिवस पालटले की पहिला निरोप तुला."

तो शब्द तिनं पदरी बांधून घेतला. दोन वर्षं ती पार्सलच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावत उभी राहिली. तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारत नसे, छातीवरच्या नंबरानं बोलावत. पाय सुजायचे. पण बावन्नाव्या वर्षी तिला दुसरं काम नको होतं, तिला तिची काच परत हवी होती. एवढी एकच गोष्ट होती, आणि ती काही आकाशातला चंद्र नव्हती.

एक दिवस दुपारी वन्सं आल्या. त्या आता व्यापारी मंडळाच्या कचेरीत लागल्या होत्या. हातात किल्ल्यांचा जुडगा, इतका मोठा की तुरुंगाच्या जेलरनं लाजावं.

"वहिनी, काचा मांडायच्यात."

"कुणाच्या?"

"बंद दुकानांच्या. जुना माल, रिकामी खोकी, पुतळे, जे सापडेल ते. मालकांनी किल्ल्या दिल्यात. रस्ता असा भुतासारखा दिसतो, गिऱ्हाईक उघड्या दुकानांकडेही फिरकत नाही."

"आणि मला काय?"

"मंडळ थोडंफार देईल. पण खरी गोष्ट ऐक." वन्संनी खुर्ची पुढे ओढली. "सरकारची योजना येतेय. ज्या बाजारात निम्म्याहून जास्त दुकानं बंद, तिथं दोन वर्षं भाडं माफ, आणि जुन्या माणसांना परत घेतलं तर अर्धा पगार सरकार देणार. तुझा मालक त्याचीच वाट बघतोय. दुकान उघडणार, वहिनी! तोवर काचा जित्या ठेव. उघडायची वेळ आली की कोण डोळ्यासमोर असेल? तूच ना?"

नवरा आतून म्हणाला, "बहीण कुणाची आहे!"

काचवालीनं दुसऱ्या दिवशी गोदामात आपला नंबर परत केला.

त्या पावसाळ्यानंतरचे तीन महिने तिच्या आयुष्यातले सुखाचे म्हणायला हरकत नाही. अठरा दुकानं तिनं मांडली. नवरा गुडघा सांभाळत हातगाडीवरून खोकी आणायचा. चपलांच्या दुकानात रिकाम्या खोक्यांची भिंत उभी केली, वरच्या खोक्यातून एकच बूट जीभ काढल्यासारखा बाहेर डोकावतोय. भांड्यांच्या दुकानात एकुलती एक कढई अशी तिरकी ठेवली की मागच्या आरशात तिच्या चार कढया झाल्या. नायलॉनच्या दोरीनं छत्र्या हवेत टांगल्या. काचेमागे जाताना पायात मोजे, म्हणजे धुळीत पाऊल उठत नाही. आणि सवयीप्रमाणे दर सोमवारी बदल.

नवरा म्हणायचा, "अगं, बंद दुकानाचा माल कोण बघतंय?"

"मी बघते ना," ती म्हणायची आणि रस्ता ओलांडून जायची.

एकदा खरंच एक बाई पाठ फाटलेल्या निळ्या स्वेटरसाठी काच ठोठावत दहा मिनिटं उभी राहिली. नवऱ्यानं पलीकडून ओरडून सांगितलं, "बाई, तो स्वेटर पुढून आहे, मागून नाही!" बाई त्याला वेडा समजून निघून गेली. घरी येऊन दोघं पोट धरधरून हसले. पण हसता हसता काचवालीला जरा कसंसंच झालं. त्या बाईचे हात गारठलेले होते.

तिला एकच खटकायचं. काचेमागे सगळं होतं, माणूस नव्हतं. मग तिनं माणसाच्या खुणा पेरायला सुरुवात केली. घड्याळजीच्या टेबलावर चष्मा उघडा ठेवला, खुर्ची मागे सरकवली, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. आणि गंमत म्हणून दारावर आपल्या ठसठशीत अक्षरात पाटी लावली: 'जेवायला गेलोय. दोन वाजता येतो.' घड्याळजी तर दीड वर्षापूर्वीच मुलाकडे परगावी राहायला गेला होता. नवरा म्हणाला, "फार लांब गेलाय जेवायला!"

वन्संनी पाटी बघितली, आधी खो-खो हसल्या, मग गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "सगळीकडे लाव."

तिनं लावल्या. पण तिच्या हाताला एकच एक गोष्ट करवेना. कुठं 'बँकेत गेलोय', कुठं 'पाच मिनिटांत आलो', शिंप्याच्या दुकानावर 'माप घ्यायला गेलोय'. लोक वाचायला थांबायला लागले. उघड्या दुकानांतही चार गिऱ्हाइकं वाढली, हे खोटं नाही.

एका बुधवारी वन्सं घाईघाईनं आल्या. "वहिनी, उद्या पाहुणे यायचेत. सगळीकडे जेवायचीच पाटी लाव."

"अठराच्या अठरा? सगळा बाजार एकदम जेवायला बसला? लग्न आहे काय कुणाचं?"

"शिस्त दिसते, वहिनी. मोठ्या गावात असंच असतं, ठरलेल्या वेळी सगळे जेवतात. आणि उद्या तू येऊ नकोस, जरा आराम कर. किती राबतेस!"

इतक्या वर्षांत वन्संनी कधी म्हटलं नव्हतं की वहिनी, आराम कर. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पण प्रेमाच्या बोलण्यावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. बुधवारी संध्याकाळी तिनं अठरा पाट्या लावल्या आणि गुरुवारी घरी बसून नवऱ्याच्या सदऱ्यांची बटणं लावली.

तीन आठवड्यांनी नवरा सकाळी पेपर वाचत होता. "अगं, आपला बाजार आलाय पेपरात." मग तो मोठ्यानं वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. सरकारी मोजणीत बाजारातली चाळीसपैकी बत्तीस दुकानं चालू आढळली. भागाची घडी पुन्हा बसत आहे, खरेदी वाढत आहे, पुढचे दिवस चांगले आहेत. त्यामुळे भाडेमाफीची आणि पगाराची योजना इथे लागू होणार नाही, ती शेजारच्या गावाला देण्यात येत आहे.

"बत्तीस?" काचवाली म्हणाली. "चौदा."

तिनं बोटांवर मोजलं. चौदा अधिक अठरा. या हिशेबाला चौथीपर्यंतचं गणित पुरत होतं.

ती तशीच मालकाकडे गेली. मालक दारातच भेटला. चिडला असता तर बरं झालं असतं, तो हसला. "तुझ्या हाताला तोड नाही गं. मी स्वतः परवा रस्त्यानं जाताना माझ्याच दुकानासमोर थांबलो. म्हटलं, आत जावं का?" मग हसू मावळलं. "दोन वर्षं वाट बघितली. आता भाडं माझ्यानं निभत नाही. जागा देऊन टाकतोय."

"कुणाला?"

"ते मोठे दुकानवाले येतायत ना, सगळं एका छताखाली विकणारे. त्यांना गोदामाला हवीय. तुला माहीत नाही? तुझ्या नणंदेनंच तर बोलणी जुळवली."

पायाखालची जमीन सरकली असं लोक म्हणतात. तिचं तसं झालं नाही. जमीन जागेवर होती, पायच उचलेनात.

मंडळाच्या कचेरीत वन्सं पंख्याखाली बसल्या होत्या. वहिनीला बघून त्यांनी समोरची फाइल उगाचच बंद केली.

"वन्सं, मोजायला आले तेव्हा तुम्ही बरोबर होतात?"

"होते."

"काय सांगितलंत त्यांना?"

"काही नाही. त्यांना वाचता येतं. पाट्या वाचल्या, लिहून घेतलं."

"पाट्या मी लिहिल्या होत्या."

"हो. म्हणूनच तर खऱ्या वाटल्या."

काचवालीला बसावंसं वाटलं, पण वन्संनी बस म्हटलं नाही.

"वहिनी, जरा डोक्यानं विचार कर," वन्संनी आवाज मऊ केला. हा आवाज काचवालीनंच शिकवलेला, अडून बसलेल्या गिऱ्हाइकासाठी. "मेलेल्या बाजारात कोण येणार? दोन वर्षं भाडं माफ, आणि पुढं? हे मोठे लोक आकडे बघूनच पाऊल टाकतात. शंभर जणांना काम मिळणार आहे, शंभर!"

"त्यात मी आहे?"

वन्संनी फाइलीवरची नसलेली धूळ झटकली. "ते पस्तिशीच्या आतल्याच मुली घेतात."

"तुम्ही सत्तेचाळीस."

"माझं वेगळं आहे. मी देखरेखीला."

"योजना येतेय, दुकान उघडणार, काचा जित्या ठेव, हे तुम्ही मला माझ्याच घरात बसून सांगितलंत. तेव्हा हे ठरलेलं होतं?"

"सगळं नव्हतं ठरलं."

"बुधवारी ठरलं होतं?"

"खरं सांगितलं असतं तर तू पाट्या लावल्या असत्यास?" वन्सं म्हणाल्या, आणि मग थांबायचं ते थांबल्या नाहीत. "आणि आता फार सोवळं नको दाखवूस. खोकी रिकामी होती, तुलाही ठाऊक होतं. बायका काचा ठोठावून जात होत्या, तू घरी जाऊन हसत होतीस."

हे मात्र वर्मी लागलं, कारण खरं होतं. दुसऱ्यानं केसानं गळा कापला तर माणूस निदान ओरडतो. इथं केस आपलेच, विणलेही आपणच.

दारापर्यंत जाऊन ती वळली. "एका डब्यात जेवलो गं आपण," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'गं' निघालं. वन्संनी मान वर केली नाही.

मोजणीची कचेरी जिल्ह्याच्या गावी, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर. मोजणीसाहेब म्हणजे एक पोरगेला, सरळ माणूस निघाला. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाई, मी दीड वाजता पोचलो. सगळीकडे पाट्या. मला शंका आली होती. म्हटलं दोन वाजेपर्यंत थांबू, दुकानदार येतात का बघू."

"मग?"

तो ओशाळला. "मंडळाच्या बाईंनी मला जेवायला नेलं."

काचवालीला हसूही आलं आणि रडूही. ती दोन्ही गिळून बसली.

"फेरमोजणी करता येते," तो म्हणाला. "पण एकट्याच्या तक्रारीवर नाही. काचा मांडल्यावर दुकानांच्या आत जाऊन ज्यांनी स्वतः बघितलंय अशा दोन माणसांच्या सह्या लागतात. येत्या सोमवारपर्यंत. त्यानंतर योजना पलीकडच्या गावाला पक्की होईल. दुसरं कोणी होतं आत?"

"होतं की," ती म्हणाली, आणि सगळ्या वाटेत तिच्या जिवाला बरं वाटत होतं. मालकानं अजून जागेच्या कागदावर सही केली नव्हती. सोमवारला चार दिवस होते. दुसरा माणूस तर घरातच होता.

तिनं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला, पाट्यांच्याच अक्षरात. आपणच मांडलं, आपणच पाट्या लावल्या, कुणी लावायला सांगितल्या तेही लिहिलं. स्वतःला कुठं वगळलं नाही. रविवारी जेवणं झाल्यावर कागद नवऱ्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं.

त्यानं एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हिचं नाव आहे यात."

"तिनंच सांगितलं होतं ना?"

"तिची नोकरी जाईल गं."

"माझी गेलीच आहे, म्हणून ती तुम्हाला दिसत नाही."

"तसं नाही..." त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "नाव काढून लिहिता येणार नाही?"

"मग साहेब विचारणार, मोजणीच्या दिवशी पाट्या कुणी लावायला लावल्या. तेव्हा काय सांगू, वाऱ्यानं?"

"ती माझी बहीण आहे."

"आणि मी?"

"तू घरातलीच आहेस."

"घरातल्यांकडंच आले मी. बाहेरच्यांकडं कुठं गेले?"

हातगाडी त्यानं ओढली होती. प्रत्येक दुकानाच्या कुलपात किल्ली त्यानं फिरवली होती. त्या बाईला स्वेटर पुढून आहे असं ओरडून सांगणारा तोच होता. त्याच्याइतकं आतलं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं पेन उचललं, टोपण काढलं, आणि मग टोपण परत लावून पेन कागदाच्या शेजारी ठेवलं, अगदी हळू, जणू आवाज झाला नाही तर घडलंच नाही.

"माझ्यानं होणार नाही," तो म्हणाला.

ती भांडली नाही. वन्संशी भांडता आलं होतं, तिथं रागाला जागा होती. इथं आत नुसतं रिकामं झालं. तिनं कागदाची घडी घातली, कडेला कड लावून, गिऱ्हाइकाला द्यायच्या शर्टासारखी.

सोमवारी ती एकटी गेली. एक सही पुरत नाही हे ठाऊक असूनही गेली. साहेबानं अर्ज घेतला, पोच दिली, आणि नियम बदलता येत नाही असं सांगून तिला निरोप द्यायला उठून उभा राहिला. तेवढाच त्याचा मोठेपणा.

योजना शेजारच्या गावाला गेली. मोठ्या दुकानवाल्यांचं दुकान आठ महिन्यांनी उघडलं, शंभराच्या जागी एकतीस मुली लागल्या. वन्सं गळ्यात ओळखपत्र घालून देखरेख करतात. मोठ्या दुकानाच्या काचेत काही मांडत नाहीत, तिथं एक पडदा आहे, त्यावर दिवसभर चित्रं हलतात. काचवालीच्या जुन्या दुकानात आता त्यांची खोकी भरलेली असतात, आणि काचेला आतून तपकिरी कागद लावलाय. वन्सं अधूनमधून भावाला भेटायला येतात. काचवाली पाणी देते, बाहेरच्या बायकांना देतात तसं.

शेजारच्या गावात मात्र भाडं माफ झालं आणि बारा दुकानं उघडली. त्यातल्या एका कपड्यांच्या दुकानाला काच मांडणारी बाई हवी होती. मोजणीसाहेबानं तिचं नाव सुचवलं असं नंतर कळलं. आता ती रोज सकाळी सव्वा तास बसनं जाते, सव्वा तासानं येते. पगार जुन्याहून कमी आहे, पाय आधीइतकेच सुजतात. तिथल्या मालकानं पहिल्याच सोमवारी विचारलं, "एवढ्या लांबून येता. तुमच्या गावचा बाजार तर म्हणे उत्तम चाललाय?" ती म्हणाली, "हो, पेपरात तसंच आहे," आणि पुतळ्याच्या पाठीत टाचणी मारली.

नवरा रोज तिच्या आधी उठतो. चहा करतो, डबा भरतो, पिशवी घेऊन लंगडत स्टॉपपर्यंत येतो. आधी कधी येत नव्हता. एकदा तिथं उभ्या उभ्या म्हणाला, "तेव्हा चुकलंच माझं."

तिनं रस्त्याकडे बघत ऐकलं. ऐकलं हे त्याला कळावं इतकीच मान हलवली.

"संध्याकाळी घ्यायला येऊ?"

"कशाला? रस्ता ठाऊक आहे मला."

बस आली. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली, आत चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली.